इंग्लिश खाडीची चौकी

लंडनचे सेंट पॅन्क्रस स्थानक १८६८ साली रहदारीस खुले झाले, तेव्हा त्याचा स्थापत्यविशारद विल्यम हेन्री बार्लो याने फलाट रस्त्याच्या पातळीपासून चांगले एक मजलाभर उंच बांधले होते. कारण उत्तरेकडून येणारा लोहमार्ग रीजंट कालव्यावर पूल टाकून आणावा लागला होता, आणि पुलावरून आलेली गाडी एकदम खाली उतरवणे शक्य नव्हते. त्यामुळे फलाटांखाली जे विस्तीर्ण तळघर आयतेच निर्माण झाले, त्यात बर्टन गावाहून येणारी बियरची पिंपे साठवावीत असे मिडलंड रेल्वे कंपनीने ठरवले, आणि तळघराचे लोखंडी खांब किती अंतरावर रोवायचे हेही त्या पिंपांच्या मापानेच निश्चित झाले. आज त्याच खांबांच्या ओळींमधून पॅरिसला निघालेले उतारू सामानाची झडती देत पुढे सरकत असतात, आणि रांगेच्या शेवटी, इंग्लंडच्या राजधानीत, फ्रेंच प्रजासत्ताकाचे गणवेशधारी अंमलदार काचेआड बसून त्यांची पारपत्रे तपासतात. फ्रान्सचा किनारा तेथून दीडशे किलोमीटरांच्या आसपास, समुद्रापलीकडे आहे. फ्रान्सची सरहद्द मात्र बियरच्या जुन्या वखारीत येऊन ठेपली आहे.

ही सरहद्द इतकी आत कशी शिरली याची हकीकत मनोरंजक आहे, आणि वेगाविषयीच्या आपल्या सर्वसाधारण समजुतीला धक्का देणारीही आहे. गाड्या वेगवान झाल्या की देश जवळ येतात आणि नाकी-चौक्या आपोआप गळून पडतात, असे एकोणिसाव्या शतकातील आशावादी मंडळी मानीत असत. या दोन राजधान्यांपुरते बोलायचे तर चौकी गळून पडली नाही. तिने केवळ मुक्काम हलवला, आणि प्रत्येक मुक्कामाला ती अधिक बारकाईने तपासणी करू लागली.

आगबोटींच्या काळात चौकी कोठे असावी हा प्रश्नच नव्हता. लंडनहून निघालेला लोहमार्ग १८४३ साली फोकस्टनला आणि १८४४ साली डोव्हरला पोचला. पुढे समुद्र, आणि समुद्रापलीकडे कॅले अथवा बुलोन या बंदरांतून पॅरिसकडे जाणारी फ्रेंच गाडी, असा तीन खंडांचा प्रवास होता. गाडीतून उतरून बोटीवर आणि बोटीतून उतरून पुन्हा गाडीत बसावेच लागे, हमाल ट्रंका वाहून नेतच असत. तेव्हा त्या खोळंब्यातच जकातीच्या अंमलदाराने ट्रंक उघडून तंबाखू, मद्य किंवा लेस यांचा शोध घ्यावा, हे सर्वांस स्वाभाविक वाटे. माणसाच्या ओळखीपेक्षा त्याच्या मालाची चौकशी त्या काळी अधिक कसोशीने होई. तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने १८६० साली इंग्रज प्रवाशांना पारपत्रावाचून फ्रान्समध्ये येण्याची मुभा दिली, आणि त्यानंतर जवळजवळ दोन पिढ्या पश्चिम युरोपातील सुखवस्तू माणूस खिशात तिकीट आणि पैसे एवढ्याच भांडवलावर देशोदेशी हिंडत असे. रशिया आणि तुर्कस्तान हे मात्र त्यास अपवाद होते.

१९१४ च्या महायुद्धाने ही मोकळीक संपवली. हेरांच्या भीतीने प्रत्येक राज्याने पारपत्रांची सक्ती केली, आणि युद्ध संपल्यावरही ती उठली नाही. १९२० साली राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिसला जी परिषद भरली तिच्यापुढे पारपत्रे, जकातीचे सोपस्कार आणि आगगाडीची थेट तिकिटे असे तीन विषय एकत्रच मांडलेले होते. यावरून आंतरराष्ट्रीय गाड्यांची खरी अडचण त्या काळच्या मुत्सद्द्यांनी अचूक ओळखली होती असे म्हणावे लागते. बत्तीस पानांची, निदान दोन भाषांतली आणि त्यांपैकी एक फ्रेंच असलेली पुस्तिका हा पारपत्राचा नमुना त्याच परिषदेने सुचवला. आज आपल्या हाती असणारे पारपत्र हे त्याच नमुन्याचे वंशज होय.

खाडीवरच्या या मार्गाशी मुंबईचा संबंध फार जुना आहे. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यावर विलायती टपाल आगबोटीने सबंध युरोपला वळसा घालून नेण्यापेक्षा, ब्रिंडिसी किंवा मार्सेय बंदरात उतरवून खास गाडीने कॅलेपर्यंत आणि तेथून डोव्हरला न्यायचे, अशी व्यवस्था रूढ झाली. बोटीवरच्या प्रवाशांनाही हा मार्ग मोकळा होता. ज्यांना बिस्केच्या उपसागरातल्या लाटांची धास्ती असे, किंवा ज्यांना लंडनला काही दिवस आधी पोचायचे असे, ते मार्सेयला उतरत, आणि विलायतेस शिकावयास जाणारे आपले कित्येक तरुण युरोपची भूमी प्रथम पाहत ती याच बंदरात. लंडनला हे प्रवासी ज्या स्थानकांत उतरत, त्यांत व्हिक्टोरिया स्थानक प्रमुख होते, आणि त्याच स्थानकात मराठी माणसाला विसरता न येण्यासारखी एक घटना घडली.

१३ मार्च १९१० रोजी स्वातंत्र्यवीर विनायक दामोदर सावरकर पॅरिसहून लंडनला परत आले, तेव्हा व्हिक्टोरिया स्थानकावर गाडीतून उतरताच त्यांना अटक झाली. पारपत्राची सक्ती नसलेल्या त्या काळातही सरकारला जो माणूस हवा असे, त्याची वाट सरकार कोठे पाहत असे, हे यावरून दिसते. बंदरात नव्हे, सरहद्दीवर नव्हे, तर राजधानीच्या फलाटावर. पुढे त्यांना हिंदुस्थानात नेत असता मोरिया ही आगबोट मार्सेयला थांबली, आणि ८ जुलै १९१० च्या सकाळी सावरकरांनी बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेऊन फ्रान्सचा धक्का गाठला. धक्क्यावरच्या फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पाठलाग करीत आलेल्या पोलिसांच्या स्वाधीन केले. एका राज्याच्या भूमीवर पाय टेकलेल्या माणसाला दुसऱ्या राज्याच्या अंमलदारांनी परत उचलून नेणे कायदेशीर आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला, फ्रान्समध्ये त्यावर गदारोळ उठला, आणि अखेर प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने निवाडा दिला की, बंदिवानाच्या त्या स्वाधीन करण्यात अनियमितपणा झाला हे खरे, परंतु एवढ्यावरून त्याला परत करण्यास ब्रिटन बांधलेले नाही.

हा निवाडा न्यायाच्या दृष्टीने किती समाधानकारक होता, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातली एक बाब महत्त्वाची वाटते. एका राज्याच्या शिपायाने दुसऱ्याच्या हद्दीत आपला अंमल चालवावा, ही गोष्ट १९१० साली सबंध युरोपला चर्चेस प्रवृत्त करण्याइतकी असाधारण होती. ऐंशी वर्षांनंतर त्याच दोन राज्यांनी ती तहनाम्यात लिहून नित्याचीच करून टाकली. तिकडे आपण पुढे येऊच.

त्यापूर्वी स्थानक बदलण्याच्या त्रासाविषयी लिहिले पाहिजे, कारण या मार्गावरचा प्रवासी सरहद्दीने जितका गांजला तितकाच पॅरिसनेही गांजला. ११ जून १८४२ च्या फ्रेंच कायद्याने राजधानीतून चहू दिशांना ताऱ्याच्या किरणांप्रमाणे लोहमार्ग काढण्याचे ठरवले. प्रत्येक किरण एकेका कंपनीच्या वाट्यास गेला, आणि प्रत्येक कंपनीने राजधानीच्या वेशीपाशी आपापले टोकाचे स्थानक बांधले. उत्तरेच्या कंपनीचे गार द्यु नॉर, पूर्वेच्या कंपनीचे गार द लेस्त, लिआँ-मार्सेयकडे जाणाऱ्या कंपनीचे गार द लिआँ, अशी ही स्थानके शहराच्या चोहोंकडे विखुरली, आणि गावातून आरपार गाडी नेण्याची इच्छा कोणालाच नव्हती. कंपनीच्या दृष्टीने पॅरिस हे प्रवासाचे गंतव्यस्थान होते. तेथून पुढे जाणाऱ्याने घोडागाडी करावी आणि सामान घेऊन नगर ओलांडावे. पूर्वीच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला उतरून गुजराथकडे जाण्यासाठी टॅक्सीत वळकट्या कोंबून मुंबई सेंट्रल गाठणाऱ्या प्रवाशाला याहून अधिक खुलासा करून सांगण्याची जरुरी नाही. तेथेही एकाच गावात दोन कंपन्यांनी दोन दरवाजे उघडले होते, आणि मधला रस्ता प्रवाशाच्या नशिबी टाकला होता.

गार द्यु नॉरची आजची इमारत वास्तुशिल्पी हिटॉर्फ याने १८६० नंतरच्या वर्षांत उभारली. तिच्या दर्शनी भिंतीवर पॅरिसच्या मूर्तीभोवती लंडन, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, व्हिएन्ना अशा नगरांच्या मूर्ती उभ्या आहेत. या दगडी देवता पाहिल्या म्हणजे त्या काळच्या रेल्वे कंपनीची महत्त्वाकांक्षा ध्यानात येते. आधीचे स्थानक अपुरे पडले म्हणून पाडले, पण त्याचा दर्शनी भाग वाया न घालवता दगड-दगड सुटा करून लील शहराच्या स्थानकाला नेऊन बसवला. लील शहरात आज दोन स्थानके आहेत; जुने लील-फ्लांद्र, ज्याच्या कपाळी पॅरिसचा जुना मुखवटा आहे, आणि १९९३ साली वेगवान गाड्यांसाठी उघडलेले लील-युरोप. वेगवान मार्ग लीलला वळसा न घालता शहरातूनच जावा म्हणून तेथील नगराध्यक्ष आणि एके काळचे पंतप्रधान पिएर मोरुआ यांनी नेटाने रदबदली केली, आणि ती सफलही झाली. मात्र दोन स्थानकांमध्ये पायी काही मिनिटांचे अंतर राहून गेले, आणि नव्या युगाच्या प्रवाशालाही पेटी ओढत रस्ता ओलांडणे चुकले नाही.

पॅरिस ओलांडण्यावर जुन्या काळी एक उपाय मात्र निघाला होता. शहराभोवती १८५२ पासून टप्प्याटप्प्याने बांधलेल्या प्तित सँत्युर या वर्तुळाकार मार्गाने कॅलेहून आलेले शयनयान गार द्यु नॉरवरून गार द लिआँवर नेऊन दक्षिणेच्या गाडीला जोडीत, आणि श्रीमंत प्रवासी बिछान्यावरून न उठता कॅलेहून रिव्हिएराच्या उन्हात पोचे. ही सोय पैसेवाल्यांची होती, हे उघड आहे. बाकीच्यांनी हमाल करावा. आज हे काम भूगर्भातील उपनगरी गाडी करते. गार द्यु नॉर आणि गार द लिआँ यांच्यामध्ये, शातले या एकाच थांब्याने, ती थेट १९९५ पासून धावते, आणि जे अंतर घोडागाडीला तासभर पुरे त्याला आता दहा मिनिटेही लागत नाहीत. सामानासह त्या गर्दीत शिरण्याचे धाडस ज्याचे त्याने करावे.

खाडीवरही बिछान्यावरून न उठता जाण्याची अशीच एक व्यवस्था होती, आणि ती मला या सबंध इतिहासातील सर्वांत गोड घटना वाटते. १४ ऑक्टोबर १९३६ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून नाइट फेरी ही रात्रीची गाडी सुटू लागली. तिचे निळे शयनडबे वागाँ-ली कंपनीने इंग्लंडातल्या अरुंद बोगद्यांच्या मापाने मुद्दाम बनवलेले होते. डोव्हरला खास बांधलेल्या गोदीत भरती-ओहोटीप्रमाणे पाण्याची पातळी पंपांनी सांभाळून ते डबे रुळांवरूनच आगबोटीच्या पोटात ढकलीत, साखळदंडांनी जखडीत, आणि डंकर्कला पुन्हा रुळांवर आणून पॅरिसला नेत. साखळदंडांच्या खणखणाटाने झोपमोड होई, असे प्रवासी सांगत. परंतु प्रवासी निजलेला, आणि सरहद्द त्याच्या बिछान्याखालून निघून गेलेली, असे दृश्य या खाडीवर त्यापूर्वी कधी दिसले नव्हते. ते शक्य झाले, कारण जकातीची आणि पारपत्रांची तपासणी व्हिक्टोरिया स्थानकातच उरकून घेतली जाई. म्हणजे चौकी बंदरातून उठून राजधानीच्या फलाटावर येऊन बसण्याचा प्रघात बोगद्याच्या कितीतरी आधी पडला होता. मध्यंतरी युद्धामुळे बंद पडलेली ही गाडी पुन्हा सुरू होऊन ३१ ऑक्टोबर १९८० पर्यंत चालली. गोल्डन ॲरो ही दिवसाची डौलदार गाडी त्यापूर्वीच, १९७२ साली, विमानांपुढे हार खाऊन बंद झाली होती.

बोगद्याची कल्पना तशी नेपोलियनच्या काळापासूनची. १८०२ साली आल्बेर मातिए या फ्रेंच अभियंत्याने घोडागाड्यांसाठी बोगद्याचा आराखडा मांडला होता. १८८० नंतर सर एडवर्ड वॉटकिन या रेल्वेसम्राटाने शेक्सपिअर क्लिफ येथे प्रत्यक्ष खोदकाम चालवून बोगद्यातच पाहुण्यांना शॅम्पेनच्या मेजवान्या दिल्या. पण १८८२ साली ते काम सरकारने थांबवले. त्याला मुख्य विरोध सेनापती वुल्झली यांचा होता, आणि तो विलक्षण होता. साध्या उतारूंच्या वेषातील एक-दोन हजार सैनिक रात्रीच्या गाडीने अलगद येऊन बोगद्याचे इंग्लंडकडील तोंड काबीज करतील, अशी भीती त्यांनी व्यक्त केली होती. या युक्तिवादाला आज आपण हसतो. परंतु गाडीत शांतपणे बसलेला परका माणूस खरोखर कोण आहे, ही जी शंका वुल्झलींना आली, तीच रीतसर नमुन्यात भरून घेणे हेच पुढच्या शंभर वर्षांत सरहद्दीच्या कारभाराचे मुख्य काम होऊन बसले.

१९७५ साली आणखी एक प्रयत्न ब्रिटिश सरकारने पैशाअभावी सोडून दिल्यानंतर, १२ फेब्रुवारी १९८६ रोजी कँटरबरीला तह झाला आणि या खेपेस काम तडीस गेले. पन्नास किलोमीटर लांबीचा, आणि त्यांपैकी सुमारे अडतीस किलोमीटर समुद्रतळाखाली असलेला हा बोगदा ६ मे १९९४ रोजी राणी एलिझाबेथ आणि राष्ट्राध्यक्ष मितरां यांनी खुला केला, आणि १४ नोव्हेंबर १९९४ पासून युरोस्टार गाड्या लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून पॅरिस आणि ब्रसेल्सला जाऊ लागल्या. ज्या रणांगणावर नेपोलियनचा निर्णायक पराभव झाला त्याचे नाव असलेल्या स्थानकात फ्रेंचांना उतरावे लागे, ही गोष्ट पॅरिसला बोचत असे. तेथील एका नगरसेवकाने १९९८ साली नाव बदलण्याची मागणीही करून पाहिली. इंग्रजांनी ती मनावर घेतली नाही.

बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी आपापली चौकी ठेवण्याऐवजी दोन्ही राज्यांच्या चौक्या निघण्याच्याच जागी शेजारी-शेजारी बसवाव्यात, असा करार २५ नोव्हेंबर १९९१ रोजी संगात येथे झाला. हा आरंभी मोटारी वाहणाऱ्या गाड्यांच्या दोन तळांपुरता, फोकस्टन आणि कॅलेजवळील कोकेल यांच्यापुरता होता. युरोस्टारच्या प्रवाशांची ब्रिटिश तपासणी मुख्यतः लंडनला उतरल्यावरच होई. परंतु कागदपत्रांवाचून येऊन वॉटर्लूला आश्रय मागणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा २९ मे २००० रोजी पुरवणी करार होऊन ब्रिटिश अंमलदार पॅरिस, लील आणि कॅलेच्या रेल्वे स्थानकांत, आणि फ्रेंच अंमलदार लंडन व ॲशफर्डच्या स्थानकांत दाखल झाले. नेमलेल्या जागेपुरता पाहुण्या राज्याचा कायदा चालतो, त्या जागेत त्याच्या अंमलदाराला माणूस अडवण्याचा आणि ताब्यात घेण्याचा अधिकार असतो, आणि ज्याला नकार मिळतो तो ज्या देशात उभा आहे त्याच देशात राहतो. या कराराचे मर्म येथेच आहे. १९१० साली मार्सेयच्या धक्क्यावर जे अनियमित ठरले, ते आता दररोज सकाळपासून रात्रीपर्यंत गार द्यु नॉरच्या पहिल्या मजल्यावर नियमानुसार घडते, आणि त्याबद्दल कोणी हेगला धाव घेत नाही.

युरोपच्या मुख्य भूमीवर याच सुमारास अगदी उलट वारे वाहत होते. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गच्या शेंगेन गावाजवळ मोझेल नदीतल्या एका बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी आपापसांतल्या चौक्या उठवण्याचा करार केला, आणि २६ मार्च १९९५ पासून त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी सुरू झाली. पुढच्याच वर्षी सुरू झालेली थालिस गाडी पॅरिसहून ब्रसेल्सला जाताना सरहद्दीवर वेगही कमी करीत नसे. ब्रिटन या व्यवस्थेच्या बाहेर राहिले, आणि त्यातून लीलला एक गमतीदार फट निर्माण झाली. ब्रसेल्सहून लंडनला जाणारी गाडी वाटेत लीलला थांबते. ब्रसेल्स ते लील एवढेच तिकीट काढणारा उतारू शेंगेन प्रदेशातल्या प्रदेशातच फिरत असल्याने त्याची ब्रिटिश तपासणी होत नसे, आणि लीलला तो उतरलाच नाही तर गाडी त्याला घेऊन सरळ लंडनला जाई. कायद्याचे दोन नकाशे एकाच डब्यात एकमेकांवर पसरल्याचा हा परिणाम होता. त्यावर इलाज म्हणून लंडनला उतरल्यावर पुन्हा पारपत्रे पाहण्याची पाळी आली, आणि ज्या दुहेरी कटकटीतून प्रवाशाला सोडवण्यासाठी संगातचा करार झाला तीच काही गाड्यांवर परत आली.

१४ नोव्हेंबर २००७ रोजी युरोस्टार सेंट पॅन्क्रसला हलली, आणि इंग्लंडातही वेगवान मार्ग पूर्ण झाल्याने लंडन-पॅरिस अंतर तीन तासांवरून सव्वादोन तासांवर आले. त्याच मार्गावर लंडनच्या पूर्व भागात उभारलेल्या एका स्थानकाचे नाव स्ट्रॅटफर्ड इंटरनॅशनल. तेथे आजतागायत एकही आंतरराष्ट्रीय गाडी थांबलेली नाही. लंडनच्या उत्तरेकडील शहरांतून थेट युरोपला जाण्यासाठी बांधलेल्या गाड्यांची गतही अशीच झाली. रात्रीच्या सेवेसाठी बनवलेले शेकडाभर डबे शेवटी २००० साली कॅनडाच्या रेल्वेला विकावे लागले. खर्च परवडेना हे त्याचे उघड कारण; परंतु चौकी नसलेल्या स्थानकांतून देशी उतारूंबरोबर परदेशी जाणाऱ्यांना एकाच गाडीत बसवायचे नाही, हा दंडकही त्या खर्चात मोठी भर घालीत होता.

मार्सेयचे नाव या हकीकतीत पुन्हा येते. १ मे २०१५ पासून लंडनहून मार्सेयला थेट गाडी सुरू झाली, आणि जाताना प्रवासी साडेसहा तासांत भूमध्य समुद्राच्या किनारी पोचू लागला. परतीच्या वाटेवर मात्र, मार्सेयच्या स्थानकात ब्रिटिश चौकी नसल्याने, गाडी लीलला थांबे, सर्व उतारूंना आपले सर्व सामान घेऊन खाली उतरावे लागे, झडती आणि पारपत्रांची तपासणी होई, आणि तासाभराहून अधिक वेळ घालवून तीच मंडळी पुन्हा त्याच गाडीत बसत. महासाथीत बंद पडलेली ही गाडी पुन्हा सुरू झाली नाही. ॲमस्टरडॅमचे उदाहरण याहून बोलके आहे. ४ एप्रिल २०१८ पासून लंडनहून ॲमस्टरडॅमला थेट गाडी होती, पण परत येणाऱ्याला ब्रसेल्सला उतरून, तपासणी करून, दुसरी गाडी धरावी लागे. चार राज्यांनी नवा तह केल्यावर २६ ऑक्टोबर २०२० पासून परतीचीही थेट सोय झाली. जून २०२४ मध्ये स्थानकाच्या बांधकामासाठी ॲमस्टरडॅमची चौकी बंद झाली, आणि प्रवासी पुन्हा ब्रसेल्सला उतरू लागले; १० फेब्रुवारी २०२५ रोजी ती उघडली, तेव्हा कोठे थेट गाडी परत आली. या सर्व काळात रूळ तेच होते आणि गाड्याही त्याच होत्या.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, ब्रिटिशांच्या पारपत्रावरही प्रत्येक खेपेस शिक्का मारावा लागू लागला. काही काळ स्थानकांना रांगा आवरेनात म्हणून गाड्यांतल्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या गेल्या. ॲशफर्ड आणि एब्सफ्लीट ही मधली स्थानके २०२० च्या मार्चपासून या गाड्यांना बंदच आहेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची युरोपीय पद्धत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. १९९४ साली गाडी सुटण्याआधी वीस मिनिटे आले तरी चाले. आता तास-सव्वा तास आधी यावे असे सांगतात. रुळांवर जी पाऊण तासाची बचत झाली, ती चौकीने जवळजवळ सगळी परत घेतली, हा हिशेब कोणीही मांडून पाहावा.

महाराष्ट्रातून यात्रा-कंपन्यांबरोबर जाणाऱ्या मंडळींना येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. लंडनहून पॅरिसला जाताना शेंगेन व्हिसा लंडनच्याच स्थानकात पाहतात, आणि पॅरिसहून लंडनला जाताना ब्रिटिश व्हिसा पॅरिसमध्येच. तो नसेल तर गाडीचे दर्शनही घडत नाही. युरोपच्या सहलीत मध्येच लंडनला जाऊन पुन्हा ब्रसेल्सकडे येण्याचा बेत असेल, तर शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असून भागत नाही.

जर्मन रेल्वेने आपली वेगवान गाडी १९ ऑक्टोबर २०१० रोजी सेंट पॅन्क्रसला आणून मोठ्या समारंभाने उभी केली होती. २०१३ पासून फ्रँकफर्ट-लंडन सेवा सुरू करण्याचा तिचा बेत होता. नव्या गाड्या वेळेवर मिळाल्या नाहीत, जर्मन स्थानकांत तपासणीची व्यवस्था कशी करायची हेही ठरले नाही, आणि बेत बारगळला. १७ जुलै २०२५ रोजी ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात केन्सिंग्टन येथे जो करार झाला, त्यानुसार थेट गाडीच्या मार्गातील अडचणी सोडवण्यासाठी दोन्ही सरकारांचे एक कृतिदल नेमण्याचे ठरले, आणि त्या अडचणींत सरहद्दीची तपासणी अग्रभागी आहे. ब्रिटिश अंमलदाराला बसण्यासाठी कोलोनच्या स्थानकात जागा मिळेपर्यंत, लंडनहून तिकडे जाणाऱ्याने ब्रसेल्सला उतरून गाडी बदलावी, आणि मध्ये निदान तासभर हाताशी ठेवावा.